तिच्या वतीने

पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याच्या कुंडात बोटं बुडवून पाणी कोमट आहे ना ते पाहिलं. चार महिन्यांची भाची माझ्या हातांवर झोपली होती. तिचा धर्मपिता म्हणून उत्तरं मला द्यायची होती, तिच्या वतीने.

'वतीने' हा शब्द मला आठवडाभर टोचत होता. ज्याचा विश्वास त्यानेच निवडावा, अशी पत्रकं मी स्वतः छापून वाटली आहेत. बहिणीला म्हणालोही होतो, "मोठी होऊ दे, मग ती ठरवेल."

तेव्हा बाळाच्या झबल्याची नाडी बांधत बहीण म्हणाली, "दादा, पत्रकाखाली 'समस्त रहिवाशांच्या वतीने' लिहितोस, तेव्हा कुणाकुणाला विचारतोस रे?" मग हळूच म्हणाली, "दूध पाजतानाही मी तिला विचारलं नाही. तिला आपलं म्हणायला तिला कळेपर्यंत थांबू का?"

पत्रक दुसऱ्या दिवशी रद्दीत जातं. आज चर्चमध्ये म्हणायचं 'होय' मात्र भाची मोठी होऊन माझ्यासमोर ठेवील आणि विचारील, मामा, माझ्या वतीने बोललास, तसा वागलास का?

"या बाळाला विश्वासात वाढवाल?" पाळकसाहेबांनी विचारलं. सभांमध्ये कधी न अडखळलेला माझा आवाज अडखळला.

"होय."

डोक्यावर पाणी पडताच ती जागी होऊन रडू लागली. तो निषेध होता की नुसती झोपमोड, हे तिला विचारायला मला अजून बरीच वर्षं थांबायचं आहे.