‘माहीत नाही’चा रकाना

ही हकिगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. मला कुणी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क एकाच व्यक्तीला होता आणि तिनंही कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात ती व्यक्ती गेली. नांदेडहून तिच्या धाकट्या बहिणीचा, कौसल्याबाईंचा, सकाळी फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. “ताई गेली, सर. आज पाचवा दिवस. तुमचा नंबर तिच्या वहीत सापडला, म्हणून म्हटलं कळवावं.” मी “बरं” म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मरणाची बातमी ऐकून मी ‘बरं’ म्हणालो होतो…

प्रयाग वाघमारे हे नाव फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल. नांदेडच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कडक बाई म्हणून काही विद्यार्थ्यांना त्या आठवत असतील. त्याआधी चार वर्षं त्या लातूरला आमच्या रुग्णालयात, माझ्या हाताखाली, कॅन्सरच्या एका अभ्यासात सांख्यिकी सहायक होत्या. त्यांनी पेशंटच्या रजिस्टरात खाडाखोड केली म्हणून त्यांना काढलं, असं लातूरच्या डॉक्टर मंडळींत अजूनही सांगितलं जातं. हे खोटं आहे. ते खोटं माझ्या गप्प बसण्यातून जन्मलं. मी ऐंशी ओलांडली आहे. आता तरी नीट लिहून ठेवतो.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या रंगवलेल्या, पण आमच्या केसपेपरवर अजून ‘जिल्हा उस्मानाबाद’ छापलेलं; कारकून त्यावर रेघ मारून वर पेनानं ‘लातूर’ लिहायचा. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. टँकरचा भोंगा वाजला की बाह्यरुग्ण विभागातली अर्धी रांग घागरी घेऊन पळायची आणि आम्ही डॉक्टर रिकाम्या बाकांकडे बघत बसायचो. तंबाखू दाढेत धरून धरून तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं आमच्याकडे फार. त्यांना किरणोपचार द्यायचे. लोक त्याला ‘लाईट देणं’ म्हणत. नेहमीचा क्रम सहा आठवड्यांचा. पण दुष्काळात सहा आठवडे लातुरात राहणार कोण आणि खाणार काय? म्हणून मी तीन आठवड्यांचा क्रम बसवला होता. तो सहा आठवड्यांइतकाच गुण देतो का, हे पेशंटचा दोन वर्षं माग ठेवून बघायचं, असा तो अभ्यास. तो यशस्वी व्हावा अशी माझी तीव्र इच्छा होती. त्या इच्छेत पेशंटची कळकळ किती आणि स्वतःच्या नावाची किती, याचं माप मी त्या वेळी घेतलं नाही.

वाघमारे बाई मुखेडकडच्या एका खेड्यातल्या. बौद्ध कुटुंब, वडील शिपाई, औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकलेल्या. कुणाला कोणता क्रम द्यायचा हे डॉक्टरनं ठरवायचं नसतं. आवडता पेशंट आवडत्या गटात जातो आणि तुलना बिघडते. म्हणून बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ते ठरवणार होती आणि लिफाफे बाईंच्या कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. पहिल्याच महिन्यात उदगीरहून माझ्या वडिलांचे स्नेही आले. आमच्या अडतीला लागून त्यांचं दुकान. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, गालात गाठ. मी बाईंना म्हणालो, “ह्यांना तीन आठवड्यांत घ्या.”

“लिफाफा फोडल्यावर कळंल की, सर.”

“अहो, मी सांगतोय ना.”

“तुम्हीच सांगणार असाल तर लिफाफे रद्दीत घालू. कपाट तरी मोकळं व्हईल.”

चिठ्ठी निघाली सहा आठवड्यांची. काकांनी माझ्याकडे बघितलं. “का रे, तुझ्या दवाखान्यात तुझंच चालंना व्हय?” बाई मान खाली घालून नाव लिहीत होत्या, त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. मला ते टोचलं. काका पुढे बरीच वर्षं जगले, हे इथं सांगायला हवं.

दुष्काळ वाढला तसे पेशंट दिसेनासे झाले. कुणी निजामाबादकडे वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीला, कुणी हैदराबादला. बाई जोडकार्डं पाठवायच्या: अर्ध्यावर आमचा प्रश्न, उरलेल्या अर्ध्यावर आमचाच पत्ता, उत्तर लिहून फक्त पेटीत टाकायचं. बरीच कार्डं परत आलीच नाहीत. अशा पेशंटचं रजिस्टरात काय लिहायचं? मी म्हणालो, जिवंत लिहा. मी काही लबाडी म्हणून हे म्हणत नव्हतो, त्या वेळी तरी नाही. आमच्या भागात लहानपणापासून एक गोष्ट मी गृहीत धरली होती: माणूस गेला की सांगावा येतो. लग्नाचा येईल न येईल, मरणाचा चुकत नाही. सांगावा नाही, म्हणजे माणूस आहे.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “सर, त्यो सांगावा घेऊन कोण यायचं, आठवतंय का?”

मला कळेना.

“माझा आजा यायचा. कुणाच्या बी घरी कुणी मेलं की ह्याला पळवायचे. उन्हातान्हात, अनवाणी, चार-चार गावं. बौद्ध झाल्यावर आम्ही ते काम सोडलं. सोडून एवढी वर्षं झाली, अन् तुम्ही अजून त्याचीच वाट बघून राहिलात.”

उदगीरच्या आमच्या दारात, पायरीच्या खाली उभं राहून सांगावा सांगणारी माणसं मी पाहिली होती. त्यांना पाणी वरून ओतलेलंही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी घेऊन रजिस्टरात तिसरा रकाना आखला. जिवंत, मृत आणि ‘माहीत नाही’. पेशंट ज्या दिवशी शेवटचा कुणाच्या डोळ्यांना दिसला, तिथपर्यंतचेच दिवस मोजायचे. पुढचे ना जगण्यात धरायचे, ना मरण्यात. आणि बेपत्ता कोण होतंय तेही बघायचं, कारण गाठ नेमकी तिथं होती. सहा आठवडेवाले लातुरातच टेकायचे, नातेवाईक ओळखीचे व्हायचे, मरण आम्हाला कळायचं. तीन आठवडेवाले लवकर सुटून लांब कामाला जायचे, त्यांचं मरण कळायचंच नाही. न कळलेल्या सगळ्यांना जिवंत धरलं तर माझा लहान क्रम आपोआप चांगला दिसणार. “उपचारानं न्हाई सर,” बाई म्हणाल्या, “लांब गेल्यानं.”

मग त्या स्वतः एसटीनं गावं फिरू लागल्या. भोकर, मुखेड, उदगीर. एकदा मीही सोबत गेलो, खरं तर त्यांना चूक ठरवायला. मुखेडच्या पुढे एका फाट्यावर उतरलो. गावात बहुतेक दारांना कुलपं. मारोती नावाचा पेशंट आम्ही शोधत होतो. तीन आठवड्यांचा क्रम घेऊन हसत गेला होता, माझ्या हिशेबात जिवंत. एका ओट्यावर म्हातारी बसली होती.

“मारोती? त्यो कवाच गेला की. तिकडंच, भट्टीवर. दिवाळीच्या अगुदर.”

“आम्हाला कुणी कळवलं नाही, आजी.”

“तुमाला कशापायी कळवावं? तुमी काय त्याचे सोयरे?” तिनं मला खालीवर न्याहाळलं. “तिथं माती द्यायला चार माणसं भेटनात, अन् तुमाला सांगायला कुठून येतेत?”

बाईंनी तिच्याजवळ बसून तारीख काढून घेतली. दिवाळीच्या किती आधी, बाजार कोणता होता, चंद्र केवढा होता… मी उभाच होतो. परतीच्या गाडीत त्यांनी मांडीवर वही घेऊन मारोतीची तारीख लिहिली. एखादा माणूस जिंकल्यावर बोलतो, त्या बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी जे केलं ते न समजून केलं असं म्हणता येत नाही. मोठ्या शहरातल्या एका परिषदेत मला निष्कर्ष मांडायचे होते. तिसरा रकाना भरलेला घेऊन गेलो असतो तर सांगावं लागलं असतं की तीन आठवडे पुरतात की नाही, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. बाई भोकरकडे गेल्या होत्या. दुपारी मी त्यांच्या टेबलाशी बसलो, दाढीच्या ब्लेडनं ‘माहीत नाही’ची अक्षरं एकेक करून खरवडली आणि पहिल्या रकान्यात ‘जिवंत’ लिहिलं. शाई त्यांच्याच दौतीतली. कागदावर पडलेला भुगा फुंकून टाकला.

परिषदेत टाळ्या पडल्या. गरिबांना परवडणारा उपचार म्हणून इतर दोन-तीन ठिकाणी माझा क्रम सुरू झाला. छापून आलेला लेख बाईंनी माझ्यासमोर ठेवला. “सर, हे मी लिहिलेलं न्हाई.”

“मी तपासलंय ते.”

“मारोतीसारखे आणखी असतील त्यात. दुरुस्ती पाठवा. अजून येळ गेली नाही.”

“पाठवतो,” मी म्हणालो. त्यानंतर महिनाभर त्या रोज सकाळी विचारायच्या, “पाठवली का, सर?” मग विचारायचं थांबवलं. पाठवली नव्हतीच.

वर्षभरानं अभ्यासाला मदत देणाऱ्या संस्थेनं दोन तपासनीस पाठवले. त्यांतल्या थोरल्यानं पान उजेडाकडे धरलं. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता, उजेड आरपार येत होता. त्यानं एकामागून एक पानं तशी धरली. खोलीत आम्ही चौघे. पंखा बंद, वीज गेलेली.

“हे रजिस्टर कोण ठेवतं?”

“वाघमारे बाई,” मी म्हणालो.

ते वाक्य खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत खोटं वाक्य हेच.

“बाई, ही खाडाखोड तुमच्या हातची?”

“नाही.”

“मग कुणाची?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्या पेशंटला जीभ बाहेर काढायला सांगून आपण जशी वाट बघतो, तशी त्या वाट बघत होत्या. मग म्हणाल्या, “ते सर सांगतील.”

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो. किती वेळ, माहीत नाही. थोरल्या तपासनिसानं घसा साफ केला आणि दुसऱ्याला म्हणाला, “असं असतं बघा. भरती करताना बघून घ्यायला हवं होतं.” भरती करताना काय बघायला हवं होतं, हे त्यानं सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती. त्या खोलीत बाईंवर विश्वास न ठेवणं किती सोपं होतं आणि का सोपं होतं, हे मला पुरतं कळत होतं. त्या सोपेपणाच्या आडोशाला मी उभा राहिलो. मुदत संपल्यावर बाईंची नेमणूक पुढे चालू झाली नाही. जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. “तीन कार्डांची उत्तरं यायची हायत, सर. आली की लिहून घ्या.”

काही वर्षांनी इतरांनी केलेल्या कामातून कळलं की तीन आठवड्यांचा तो क्रम तोकडा पडतो. तो बंद झाला. मधल्या काळात त्या क्रमावर विश्वासून किती जण घरी गेले आणि त्यांचं काय झालं, याची नोंद कुणाकडे नाही. बाई नांदेडला शिकवत राहिल्या. त्यांनी माझ्याविरुद्ध कुठं तक्रार केल्याचं कानावर आलं नाही. मी सन्मानानं निवृत्त झालो.

गेल्या वर्षी कळलं की त्यांची किडनी गेली आहे, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. मी नांदेडला गेलो. एसटीत सगळा रस्ता एकच वाक्य मनात म्हणत होतो. दार कौसल्याबाईंनी उघडलं. बाई खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, डोळे तेच. “या, सर. वाळलात लई.” मग बहिणीला म्हणाल्या, “हे माझे लातूरचे सर. मला पहिली नोकरी ह्यांनी दिली.” मी त्या बोलण्यात टोमणा शोधला. सापडला नाही. कौसल्याबाईंनी आदरानं खुर्ची पुढे केली, बशीत चिवडा आणला आणि मी तो खाल्ला. बाई डायलिसिसच्या यंत्राबद्दल बोलल्या, तिथल्या नर्सना नोंदी नीट ठेवता येत नाहीत याबद्दल बोलल्या, आणि मग एकदम थांबल्या.

“सर, त्या तीन कार्डांचं काय झालं हो? आली का उत्तरं?”

कार्डं आली होती. मी ती न वाचता एका पाकिटात सारली होती आणि खोली बदलताना ते पाकीट कुठं गेलं मला सांगता येत नाही.

“आली ना,” मी म्हणालो. “सगळे बरे होते.”

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत तीच जुनी वाट बघणं होतं. मग हळूच म्हणाल्या, “चहा घ्या, सर. निवून चाललाय.” मी चहा घेतला. पाचची गाडी आहे म्हणून उठलो. दारापर्यंत कौसल्याबाई आल्या. बाईंनी खाटेवरूनच हात जोडले, आणि मीही जोडले, आणि तोंडात होतं ते वाक्य घेऊन जिना उतरलो…

बाई, ती कार्डं मी वाचलीच नाहीत. त्या माणसांचं काय झालं मला माहीत नाही. रजिस्टर तुम्ही बरोबर लिहिलं होतं. ब्लेड माझ्या हातात होतं. त्या खोलीत तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तेव्हा मी बोलायला हवं होतं. मला माफ करा.