टांकसाळीची जन्मखूण

काळाचौकीच्या आमच्या चाळीतली निम्मी पोरं सुईण आत्यांच्या हातात जन्मली, पण आत्या पोरांपेक्षा पैशांकडे जास्त निरखून बघायच्या. लोभ म्हणाल तर काडीचा नव्हता. टांकसाळीत ठसा मारताना बिघडलेलं नाणं दिसलं, की बदल्यात चांगलं देऊन ते त्या घरी आणत. धंदा सुईणीचा, म्हणून निवाडाही तसाच. "ही जन्मखूण," नाहीतर "ही मागाहूनची मारामारी."

लालबागची कार्टी ट्रामच्या रुळावर नाणं चेपून आणायची. "आत्या, सरकारनं असंच काढलंय!" आत्या नाणं कडेनं धरून खिडकीशी नेत. "मेल्या, अक्षरं चेपलीत याची. जन्माचं वाकडं असतं तर अक्षरं धड असती, जागा तेवढी चुकली असती." पाठीत धपाटा ठरलेला.

नवे पैसे आले आणि त्यांना रत्न गावलं. एका बाजूला सिंह वर उठलेले, दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे, आत गेलेले. किंमत कुठेच नाही! "आधीचं नाणं साच्यातच अडकलं आणि हे त्याच्यावर चेपलं गेलं," आत्या म्हणाल्या. "पहिलं सुटायच्या आत दुसऱ्याची घाई. जुळ्यांत होतं असं." मी ते चिंचेनं लखलखीत करायला घेतलं, तर हातावर फटका. "तांब्या आहे काय गो तो? घासलंस की मेलं!" मग मऊ मलमलीत गुंडाळून ते बिस्किटांच्या डब्यात गेलं.

माझं डोकं फिरायचं. मुंबईसह महाराष्ट्र मागणारी पत्रकं वाटून माझे पाय सुजलेले, आणि या बाई सरकारी पैशाला दुपट्यात गुंडाळतायत!

"आत्या, आपल्या माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या सरकारचं नाणं कसलं जपता?"

"नाणं नाय गो, चूक जपतंय. त्यांच्या हाती लागली तर वितळवतील, आणि वर म्हणतील, आम्ही चुकलोच नव्हतो."

एकदा पत्रकं शोधत पोलीस चाळीत शिरले. मी गठ्ठ्यासकट आत्यांच्या खोलीत घुसले. त्यांनी मला बाजेवर आडवं केलं, गठ्ठा पोटावर ठेवला, वर गोधडी. "कण्ह आता!" माझं लग्नही झालेलं नव्हतं, पण कण्हले.

फौजदारानं माझ्याकडे पाठ फिरवली आणि फळीवरचा डबा उघडला. "खोटी नाणी पाडता काय, बाई?"

आत्यांचा चेहरा उतरलेला मी प्रथमच पाहिला. सारा जन्म त्या डब्यात होता. क्षणभरच. मग पदर खोचून म्हणाल्या, "खोटी कसली, साहेब? तुमच्याच टांकसाळीची. न्या खुशाल. पण पंचनाम्यात लिहा, सरकारच्या चुका जप्त केल्या. पंच बोलावू?"

दारात अख्खी चाळ पंच व्हायला तयार होती. मी आणखी मोठ्यानं कण्हले. फौजदार डबा जागेवर ठेवून टोपी सारखी करत निघून गेला.

मुंबईसह महाराष्ट्र मिळणार हे नक्की झालं, तेव्हाच आत्या कायमच्या मालवणला निघाल्या. भाऊच्या धक्क्यावर मी भांडलेच. "आपलं सरकार यायच्या वेळी कसल्या जाता?"

"येऊ दे की. आलं की तूपण एक डबा घे."

"आपलं सरकार कशाला चुकेल?"

आत्या इतक्या हसल्या की खलाशानं त्यांना धरून बोटीत चढवलं. तिथून ओरडल्या, "मोठाच घे गो!"