आजोबांचा वीणेचा पहारा

देवानं काहीतरी कौल द्यावा, असं त्या दिवसांत मला फार वाटायचं. पण तो गप्प होता. आजोबांची मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती. वय ऐंशीच्या पुढे, हृदयही थकलेलं. डायलिसिसनं कदाचित थोडे दिवस वाढतील, पण बरेचसे दवाखान्यातच जातील, असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या. नाही केलं तरी सूज, खाज, धाप यांवर औषधं चालू राहतील, आम्ही त्यांना सोडणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. पप्पा चाकणला कंपनीत आहेत. ते म्हणाले, "बापाला मशीन लावली नाही, तर लोक तोंडात शेण घालतील." मग माझ्याकडे वळले, "तू कॉलेजात जातेस, तूच सांग." घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी आजोबांच्या फाइलची पानं उलटत राहिले.

दवाखान्याच्या बाकावर ही ओढाताण चालू होती. शेजारी डायलिसिसला आलेले पुनावळ्याचे एक टोपीवाले म्हातारे बसले होते. ते आजोबांना म्हणाले, "पाव्हणं, मला मानवतंय बरं का मशीन. म्हातारी म्हणती, तेवढाच येळ गप बसतोय ह्यो. पर तुमास्नी काय पायजे, ते कुणी इचारलंच न्हाई व्हय?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. आजोबा हळूच म्हणाले, "सप्त्यात वीणेचा पहारा द्यायचाय. जमंल तेवढा. सुया टोचून पडून राहायचं नाही मला."

पप्पा आजोबांच्या शेजारी बाकावर टेकले. मग म्हणाले, "बरं, आण्णा."

आत जाऊन सांगितलं, तेव्हा डॉक्टर मॅडमनीही मान डोलावली. कौल त्या अनोळखी म्हाताऱ्यांच्या तोंडून आला, असं मी मानते. कुणी हसलं तरी चालेल.

आकुर्डीच्या आमच्या देवळात सप्ताहभर वीणा खाली टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सप्ताह लागला, तेव्हा आपल्या पाळीला आजोबा वीणा घेऊन सुजलेल्या पायांवर ताठ उभे राहिले. अर्ध्या पहाऱ्यात धाप लागली, तेव्हा त्यांनी मला खूण केली आणि वीणा माझ्या गळ्यात घातली. मग रीतीप्रमाणे ते माझ्या पायांशी वाकले. मी दचकून मागे सरले.

"उभी राहा, येडे. तुझ्या नाही, वीणेच्या पाया पडतोय," ते हसले. "चुकली तरी चालंल, थांबू नको."

अर्धा पहारा राहिला, याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. एवढ्या सहज सोपवून देणारा हा माणूस माझा आजोबा आहे, या अभिमानानं माझा ऊर भरून आला. देवा, तुझे उपकार. पप्पांनी खुर्ची आणली. आजोबा बसले, डोळे मिटले आणि माझ्या अडखळत्या तारेवर नाम घेऊ लागले.