मोठ्या मेंडोलिनचा मालक

माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीवर दोन मेंडोलिनं टांगलेली आहेत, एक लहान आणि एक मोठं. दोन्हींना आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. दोन्हींतले सूर तेच आणि क्रमही तोच. लहान्यावर ज्या सुराला जे बोट लागतं, तेच बोट मोठ्यावर लागतं. फरक एवढाच, की मोठं एक सप्तक खाली बोलतं आणि त्याच्या दांडीवरची घरं, म्हणजे दोन पडद्यांमधल्या जागा, रुंद आहेत. मोठ्याला ऑक्टेव्ह मेंडोलिन म्हणतात, हे मला फार पुढे कळलं. आम्ही त्याला मोठं मेंडोलिनच म्हणायचो.

सोनईत माझं सायकलचं दुकान आहे. आधी दुसऱ्याच्या दुकानात पंक्चरं काढली, मग चार मोडक्या सायकली जोडून तासावर भाड्याने द्यायला लागलो. कुणी शिकवलं नाही आणि कुणी हात धरून बसवलं नाही. मेंडोलिनचंही तसंच झालं. श्रीरामपूरच्या बाजारात एक जुनं मिळालं आणि रेडिओ ऐकून ऐकून मी बोटं बसवली.

गावातल्या शाळेतले एक मास्तर पेटी वाजवायचे आणि गायचेही. त्यांच्याभोवती आम्ही पाच जण जमलो आणि त्याची ऑर्केस्ट्रा पार्टी झाली. मंडळांशी बोलणी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. बेलापूरच्या एका मंडळाने एकदा जीपऐवजी बैलगाडी पाठवतो म्हणून निरोप दिला. मी त्यांच्या अध्यक्षांना सांगितलं, की पेटी बैलगाडीत आली तर सूरही बैलाच्या चालीने येतील. जीप आली. मास्तर त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले.

दुष्काळाचं वर्ष सरलं आणि त्या पावसाळ्यात पीक बरं दिसत होतं. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या गणपतीचा कार्यक्रम मी आमच्या पार्टीसाठी ठरवून आलो. इतका मोठा कार्यक्रम आम्हाला पूर्वी मिळाला नव्हता. पुढच्या रविवारी दुपारी शाळेच्या वर्गात तालमीला गेलो, तर माझ्या जागेवर शाळेत नव्याने बदलून आलेले चित्रकलेचे सर बसले होते. मांडीवर त्यांचं स्वतःचं मेंडोलिन होतं.

मास्तर म्हणाले, "शेठ, रागावू नका. वरच्या घरांत तुमचं बोट मावत नाही. एक घर दाबायला जाता आणि दोन दाबली जातात."

"पाच वर्षं मावत होतं."

"पाच वर्षं मी ऐकून घेत होतो. नट आवळायची बोटं आहेत ती." तबलजी हसला. मास्तरांनी पुढे सांगितलं, "गणपतीत सर बसतील. मेंडोलिन एकच पुरे आपल्याला. बोलणी मात्र तुम्हीच करायची हं."

हे शेवटचं वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. बोटांबद्दल ते बोलले ते खरंच होतं. पण माझं तोंड चालतं आणि हात चालत नाही, हे असं चार माणसांत ठरवायची गरज नव्हती. मी वर्गाचं दार आपटून बाहेर पडलो. कडी निघाली ती पुढच्या आठवड्यात मीच बसवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंडोलिन पाठीला बांधलं आणि सायकलवरून नगरला गेलो. तिथे माळीवाड्याच्या बाजूला पेट्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. माझ्या वाद्याचे पडदे काही करून लांब लांब बसवता येतात का, हे विचारायला मी गेलो होतो. चाचा म्हणाले, तसं केलं तर एकही सूर जागेवर राहणार नाही. तेवढ्यात मला त्यांच्या डोक्यावर टांगलेलं ते मोठं मेंडोलिन दिसलं. कॅम्पातला कुणी साहेब परत जाताना ठेवून गेला होता आणि त्याला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. मी हातात घेतलं. एकेका घरात माझं बोट ऐसपैस बसलं. पुढचं मागचं काही न बघता मी ठरवलं, की हे न्यायचं.

चेहऱ्यावर अर्थातच तसं दाखवलं नाही.

"दांडी वाकडी दिसतेय," मी म्हणालो.

"दांडी सरळ आहे, भाऊ. तुम्ही वाकडे उभे आहात."

"तारा गंजल्यात."

"त्या बदलाव्या लागतील, हे मीच सांगणार होतो."

मी माझं लहान मेंडोलिन पुढे केलं. चाचा मान हलवत राहिले. मग बाहेर उभ्या सायकलकडे त्यांनी पाहिलं. ती मी स्वतः जोडलेली होती, नवी रिम, नवी गादी. शेवटी लहान मेंडोलिन आणि सायकल देऊन मोठं घ्यायचं ठरलं. पण इतकं देऊन मी तसाच उठणाऱ्यांतला नव्हतो. वर तारांचा एक नवा संच हवा म्हणून अडून बसलो.

"ह्याला जाड तार लागते," चाचा म्हणाले. "ती वेगळी आणवावी लागेल. तिचं वेगळं बघू."

"मेंडोलिनला मेंडोलिनचीच तार लागते. तो समोर डबा भरलाय ना? त्यातला संच द्या."

"अहो, तो लहान्याचा आहे."

"चाचा, मी पाच वर्षं हे वाजवतोय. मला शिकवू नका."

अर्धा तास मी भांडलो. ते मला जास्तीचं काहीतरी विकायला बघतात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी स्वतः गिऱ्हाइकाला नवी ट्यूब गळ्यात मारताना अगदी असंच बोलायचो. शेवटी त्यांनी लहान्याच्या तारांचं पाकीट माझ्यासमोर टाकलं. मी ते खिशात घातलं आणि वाद्य मांडीवर घेऊन एसटीने घोडेगावमार्गे परत आलो. सौदा आपण जिंकला, असं सगळ्या वाटेत मला वाटत होतं.

घरी तारा चढवल्या. लांबीला त्या जेमतेम पुरल्या. सुरात लावायच्या त्या पेटीवरच, अशी आमच्या पार्टीची रीत होती. मास्तर एक पट्टी दाबून धरायचे आणि ज्याने त्याने आपलं वाद्य तिला मिळवून घ्यायचं. मी तालमीला गेलो, वाद्य उघडलं आणि सगळे पुढे वाकून बघायला लागले. चित्रकलेच्या सरांनी तर त्याच्यावरून हात फिरवला. मास्तरांनी पट्टी दाबली. मी पाच वर्षं जिथे लावत होतो तिथेच लावायला निघालो. सूर वर जाता जाता तार कडक होत गेली, आणि शेवटच्या जोडीतली पहिली तार टणकन तुटून माझ्या गालावर बसली. रक्त आलं. दुसरी तुटली तेव्हा मी तोंड बाजूला घेतलं होतं.

"शेठ, ब्रेक लागला नाही वाटतं," मास्तर म्हणाले.

सर हसले नाहीत. ते तारांखालच्या घोडीकडे बघत होते. ती ताणाने एका बाजूला कलली होती.

मी पुन्हा नगरला गेलो. माझी सायकल चाचांच्या दुकानासमोर उभी होती आणि हँडलला भाजीची पिशवी अडकवलेली होती. ते बघून माझं डोकं आणखी फिरलं.

"माझी सायकल काढा. वाद्य खोटं आहे."

"कुठली तार लावलीत?"

"तुम्ही दिलेली."

"मी दिली? तुम्ही घेतलीत, भाऊ. अर्धा तास भांडून घेतलीत."

रस्त्यावरची दोन माणसं थांबली होती. चाचांनी त्यांना जायला सांगितलं आणि मला आत बसवलं. एका डब्यातून त्यांनी गिटारच्या तारा काढल्या, त्यातल्या जाड-बारीक निवडल्या, टोकाला फासे करून चढवल्या. मग समोरच्या पेटीवर त्यांनी माझ्या ओळखीची पट्टी दाबली आणि हात डावीकडे नेऊन तोच सूर खाली दाबला.

"लहानं इथे बोलतं. हे इथे बोलतं. सूर तेच चार, पण एक सप्तक खाली. ह्याची मान लांब आहे. लहान्याची बारीक तार ह्याला लावून वर ओढाल तर ती तुटणारच."

मग त्यांनी तारांवरून नखी फिरवली. खोलीतल्या उघड्या पेट्यांच्या लाकडाला तो आवाज जाणवला असावा, इतका तो खालून आला. मी तारांचं काय द्यायचं ते विचारलं. चाचा म्हणाले, सायकलचं मडगार्ड खडखडतंय, तेवढं बघा. मी फुटपाथवर बसून मडगार्ड आवळलं आणि मागचं चाक थोडं डोलत होतं तेही सरळ करून दिलं. घासाघीस केली नाही. तशी वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली आहे.

पुढचे आठ दिवस दुपारी दुकान अर्धं लावून घेऊन मी वाजवलं. तेव्हा दोन्ही वाद्यांतला फरक मला बोटांनी कळला. लहान्यावर नखी भरभर फिरवली की सूर धाग्यासारखा लांबत जातो. मोठ्यावर तितक्याच वेगाने फिरवली तर सूर एकमेकांवर चढतात आणि गढूळ होतात. तिथे सूर छेडायचा आणि थांबायचं. ते स्वतःच बराच वेळ बोलत राहतं. आणि घरं रुंद असल्यामुळे माझं जाड बोट बसायला जागा मिळाली खरी, पण एका घरातून दुसऱ्या घरात पोचायला लांब बोट लागतं. माझी बोटं जाड आहेत आणि आखूडही आहेत. करंगळी तर कायमच अर्ध्या वाटेत थांबायची.

तालमीत मी मास्तरांच्या एका संथ भजनाला साथ केली. मास्तरांचा गळा खर्जाचा होता. लहान मेंडोलिन त्यांच्या डोक्यावरून निघून जायचं. हे त्यांच्या आवाजाखाली अंथरल्यासारखं वाजलं. त्यांनी डोळे मिटले आणि शेवटचा अंतरा दोनदा म्हटला. मग पेटीवरून हात काढले. आपली जागा परत मिळाली, असं मी मनात धरलं.

"सर," ते म्हणाले, "तुम्ही घ्या बरं जरा हातात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाद्य दिलं. नाही म्हणता आलं असतं, पण दिलं. त्यांची बोटं ब्रशसारखी लांब आणि बारीक होती. दहा मिनिटं ती चाचपडली आणि मग धावायला लागली. आठ दिवसांत मला जमलं नव्हतं ते त्यांना चहा येईपर्यंत जमलं.

"शेठ, ठरलं," मास्तर म्हणाले. "वाद्य पार्टीला द्या. सर वाजवतील."

"वाद्य माझं आहे."

"नाही कोण म्हणतंय?"

मी ते सरांच्या हातातून घेतलं, फडक्यात गुंडाळलं आणि बाहेर पडलो. मास्तर माझ्या मागे व्हरांड्यात आले. त्यांना तो खालचा आवाज हवा होता, हे मला दिसत होतं. समोरच्याला काय हवं आहे ते दिसलं की बाकीचं काम मला येतं.

"पाच गाणी मी वाजवणार," मी म्हणालो.

"एकही नाही."

"तीन."

"अहो, हा काय भाजीबाजार आहे?"

"असता तर बरं झालं असतं. बाजारात निदान माल हातात घेऊन बघतात."

शेवटी एका गाण्यावर ठरलं. ते संथ भजन माझं, दर कार्यक्रमात, पार्टी असेपर्यंत. बाकी सगळं सरांचं.

कारखान्याच्या वसाहतीत संध्याकाळची आरती झाली आणि आम्ही सुरुवात केली. तिसरं गाणं माझं होतं. सर शेजारी आपलं लहान मेंडोलिन घेऊन बसले होते. अंतऱ्यात एका ठिकाणी करंगळी लांब टाकावी लागते. ती पोचली नाही. पण सूर ऐकू आला, एक सप्तक वरून, हलकाच. सर खाली सतरंजीकडे बघत होते. दुसऱ्या अंतऱ्यातही तेच झालं. मास्तर गात राहिले. त्यांना कळलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

गाणं संपल्यावर मी वाद्य सरांकडे दिलं आणि खाली जाऊन लोकांत बसलो. शेजारच्या शेतकऱ्याने मला ओळखलं.

"तुमी आत्ता वर हुता न्हवं?"

"होतो."

"मंग खाली का आलात?"

"माझं झालं."

तो थोडा वेळ ऐकत राहिला. "तुमचं बी ब्येस हुतं," तो म्हणाला. "पन ह्यांचं बोट लई पळतंय."

स्टेजवर माझ्या वाद्यातून जे निघत होतं ते चांगलं होतं. माझ्या हातून ते कधीच निघालं नसतं. हे समजत होतं आणि रागही जात नव्हता.

त्यानंतर तीन गणपती आम्ही तसेच केले. बेलापूरलाही गेलो, जीपमधून. प्रत्येक वेळी ते एक गाणं मी वाजवलं, आणि प्रत्येक वेळी तो एक सूर शेजारून वर वाजला. आम्ही दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. माईकवर ओळख करून देताना मास्तर सरांना मेंडोलिनवादक म्हणायचे आणि मला मोठ्या मेंडोलिनचे मालक. एकदाही वादक म्हणाले नाहीत. ओळख काय करून द्यायची हे मी सौद्यात घातलं नव्हतं, ती माझी चूक.

सरांची बदली झाली तेव्हा ते दुकानावर आले. लहान मेंडोलिन त्यांनी माझ्या बाकावर ठेवलं. "तुमचं तर नगरला गेलं ना," ते म्हणाले. "हे राहू द्या तुमच्याकडे." मी सवयीने बदल्यात काय पाहिजे ते विचारलं. ते म्हणाले, सायकलीत हवा भरा. मी हवा भरली. तेव्हा तरी त्या सुराबद्दल बोलायला हवं होतं. मी पुढच्या चाकातली हवा बोटाने दाबून बघितली आणि ठीक आहे म्हणालो.

ते गेल्यावर मी दुकान लावून घेतलं आणि त्यांच्या लहान्यावर भजनाचा तो अंतरा वाजवून पाहिला. करंगळी सहज पोचली. मात्र शेजारचं घरही दाबलं गेलं.