हाफ की फुल, आणि फ्रिजमागचा रातकिडा

लग्न झाल्यापासून घरातलं एकच खातं माझ्याकडे आहे: संध्याकाळचं हवामान. बाकीची सगळी बायकोकडे. ती रोज सात वाजता फिरायला निघते आणि चपलेत पाय घालता घालता विचारते, "अहो, बाहेर थंडी आहे का? हाफ की फुल?" म्हणजे स्वेटर. मग मी गॅलरीत जायचं, उजवा हात कोपरापर्यंत ग्रिलबाहेर काढायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. डोळे मिटायची तशी गरज नसते, पण त्याने निकालाला वजन येतं.

भाईंदरला स्वेटर घालावा अशा संध्याकाळी असून असून किती असणार? पण तिला गार वाऱ्याने खोकला धरतो, आणि धरला की पंधरा पंधरा दिवस सोडत नाही. त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न गंभीर. बाकीच्या महिन्यांत ती फक्त "छत्री?" एवढंच विचारते, आणि त्याचं उत्तर खिडकीतून बघून कोणीही देईल. माझं खरं राज्य डिसेंबर-जानेवारीतलं.

ते राज्य मागच्या हिवाळ्यात एका थर्मामीटरने खालसा केलं.

समोरच्या विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एक गुजराती गृहस्थ राहतात. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच रिटायर. सगळी सोसायटी त्यांना भाई म्हणते. त्यांच्या मुलाने त्यांना डिजिटल थर्मामीटर पाठवला. त्याची वायर गॅलरीबाहेर लोंबत सोडायची आणि आकडा आत हॉलमध्ये बसून वाचायचा. रोज सात वाजायला पाच कमी असताना सोसायटीच्या ग्रुपवर भाईंचा मेसेज यायला लागला: "आज २४.६. सबको शुभ संध्या." त्याखाली अंगठे, जोडलेले हात, फुलं. पहिला गुलाब माझ्या बायकोचा.

आणि तिने मला विचारणं बंद केलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, विसरली. मी आपणहून गॅलरीत जाऊन हात बाहेर काढला आणि जरा मोठ्याने म्हणालो, "हाफ."

"माहितीये," ती आतून म्हणाली. "चोवीस पॉइंट सहा आहे."

पॉइंट सहा! इतक्या वर्षांत माझ्या हाताला कधी पॉइंट कळला नव्हता.

भाई वाईट असते तर सोपं गेलं असतं. माणसावर जळायचं तर त्याने थोडी तरी जागा ठेवावी की नाही? हा गृहस्थ लिफ्टचं दार धरून उभा राहणार, थंडीत घरोघरी उंधियूचा डबा पाठवणार, आणि कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर सगळ्यांच्या आधी खाली रिक्षा घेऊन हजर. बायको उंधियू वाढताना म्हणायची, "किती व्यवस्थित माणूस आहे नाही?" त्या उंधियूने माझ्या पोटात दुखायचं. दोनदा घेऊनसुद्धा.

अशात कुठेतरी माझ्या वाचनात आलं की रातकिड्याच्या आवाजावरून बाहेरचं तापमान काढता येतं. हवा जितकी गरम तितका तो भरभर ओरडतो, गार पडली की रेंगाळतो. पंचवीस सेकंदांत तो किती वेळा ओरडला ते मोजायचं, तीनने भागायचं, चार मिळवायचे. झालं तापमान. रातकिड्याच्या जातीप्रमाणे हा हिशेब बदलतो, असंही पुढे लिहिलं होतं. ते मी वाचलं, पण मनावर घेतलं नाही.

आता रातकिडे शोधायचे होते. एकेकाळी गोडदेवच्या आमच्या या भागात शेतं होती म्हणे. आता इमारतीला इमारत चिकटलेली. पण मागच्या कंपाउंडजवळ थोडं गवत उरलंय, तिथे संध्याकाळी पुष्कळ ओरडतात. मी मोबाइलवर सेकंद लावून उभा राहिलो. शंभरेक किडे एकदम ओरडत होते. पंचवीस सेकंदांत मला साडेतीनशे मोजता आले, म्हणजे भाईंदरला एकशेवीस डिग्री.

एकच किडा हवा होता. तो दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या तुळशीच्या कुंडीखाली सापडला, एकटा, खणखणीत आवाजाचा. मी कुंडीपाशी उकिडवा बसून मोजायला लागलो. वॉचमन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "साहब, कुछ गिरा है क्या?"

"छप्पन," मी म्हणालो. तो निघून गेला.

एकूण सहासष्ट भरले. भागिले तीन बावीस, अधिक चार सव्वीस. मी घड्याळाकडे बघत थांबलो. सात वाजायला पाच कमी असताना मोबाइल वाजला. "आज २६.१. सबको शुभ संध्या."

माझ्या आयुष्यात गणिताने मला दिलेला हा एकुलता एक आनंद. मी धावत वर गेलो. बायकोला सांगितलं, "सव्वीस! मला आधीच कळलं होतं. रातकिड्यावरून!"

"बरं," ती म्हणाली. "पॉइंट एक राहिलं."

आठवडाभराने मी ठरवलं की रातकिडा घरी आणायचा. रोज खाली उकिडवं बसून माझे गुडघे बोलायला लागले होते, आणि डासांना तर माझी वेळ पाठ झाली होती. मी त्याला चहाच्या गाळणीत पकडून लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत घातलं. झाकणाला भोकं पाडली. तळाशी माती, वर काकडीचा काप.

हॉलमध्ये ठेवला, तर ओरडेना. गॅलरीत ठेवला, तर तिथेही गप्प. बेडरूमबद्दल बायकोने मला वाक्यच पुरं करू दिलं नाही. शेवटी स्वयंपाकघरात फ्रिजच्या मागे, भिंत आणि फ्रिज यांच्यातल्या अंधाऱ्या सांदीत ठेवला, आणि पठ्ठ्याने काय आवाज लावला! मला भरून आलं. मी म्हटलं, कलावंताला हवी तशी जागा मिळायला पाहिजे.

मोजलं. पंचाहत्तर. भागिले तीन पंचवीस, अधिक चार, एकोणतीस.

मोबाइल वाजला. "आज २१.३. ठंड बढ़ गई. सबको शुभ संध्या."

इथे कोणीही शहाण्या माणसाने गॅलरीत जाऊन हात बाहेर काढला असता. हात माझाच होता आणि फुकट होता. पण मी गेलो नाही. मी पुन्हा मोजलं. पुन्हा पंचाहत्तर. माझा रातकिडा ठाम होता, आणि मला तर एवढंच हवं होतं. मी ग्रुपवर लिहिलं: "भाई, आपका थर्मामीटर चेक कीजिए. सेल डाउन लग रहा है. सही तापमान २९ है." सोसायटीतल्या एकानेही अंगठा दिला नाही, पण कोणी भांडलंही नाही. त्याला मी मान्यता समजलो.

आणि भाईंनी काय करावं? माणसाने रागवावं ना. त्यांनी उत्तर लिहिलं: "सॉरी. गलती हो सकती है. सेल बदलता हूँ." दुसऱ्या दिवशी त्यांनी सेल बदलले. तरी एकवीसच येतंय म्हटल्यावर लिहिलं, "जब तक ठीक नहीं होता, मैं नहीं डालूँगा." सात वाजायला पाच कमी झाले आणि मोबाइल गप्प राहिला.

बायकोने चपलेत पाय घातला. थांबली. मी स्वयंपाकघराच्या दारात, कोणाला दिसू नये इतपत हसत उभा.

"अहो," ती म्हणाली, "हाफ की फुल?"

दीड महिन्याने! मी फ्रिजमागे कान लावला, मोजलं, भागलं, मिळवलं. "एकोणतीस," मी म्हणालो. "काहीच नको."

"नक्की? मला तर दारातच गार लागतंय."

"तो लिफ्टचा वारा."

ती तशीच गेली. तासाभराने परत आली ती खोकतच.

पुढचे चार दिवस आमच्या घरात दोनच आवाज होते. हॉलमध्ये ती खोकत होती आणि फ्रिजमागे तो ओरडत होता. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि मी मुकाट्याने हळद-दूध गरम करत होतो. दूध काढायला फ्रिज उघडला की मागून पंचाहत्तर.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात भाई. एका हातात तुळस-आल्याच्या काढ्याचा थर्मास, दुसऱ्या हातात तो थर्मामीटर, वायर गुंडाळलेली.

"भाभी की खाँसी सुनाई देती है हमारे तक," ते म्हणाले. "और भाईसाब, ये मशीन आप देखो ना जरा. मेरेको तो गलती समझ में नहीं आती."

आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी त्यांना फ्रिजमागची बरणी दाखवली, हिशेब सांगितला. मला वाटलं, हसतील. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि कान लावून ऐकत राहिले. मग वायर सोडली आणि तिचं टोक फ्रिजमागे बरणीला टेकवलं. आकडा चढत गेला. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. एकोणतीसवर थांबला.

"अरे वाह!" भाई ओरडले. "आपका कीड़ा एकदम बराबर है! फ्रिज पीछे से गरम होता है ना. वो बेचारा यहाँ का बता रहा है, आप बाहर का समझ रहे हो."

हॉलमधून, दोन खोकल्यांच्या मध्ये, बायकोचा आवाज आला. "यांच्यासारखाच आहे. फ्रिजमागे बसून बाहेरचं सांगतो."

चार दिवसांतलं ते तिचं पहिलं वाक्य. मी त्यातही समाधान मानलं. पण लगेच तिने भाईंना विचारलं, "काढ्यात गवती चहा घातलाय का हो? काय छान वास येतोय." माझ्या पोटात पुन्हा सुरू.

जाताना भाई दारात रेंगाळले. "एक पूछूँ? भाभी बोलती थीं, पहले आप हाथ बाहर निकाल के बताते थे, और कभी गलत नहीं होता था. वो कैसे?"

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"लिफ्ट में. कितनी बार." ते वायर गुंडाळायला लागले. "आपको कोई पूछता है, अच्छा है. मेरेको घर में कोई पूछता नहीं, इसलिए ग्रुप पे डालता हूँ."

मी त्याच संध्याकाळी रातकिड्याला कुंडीखाली सोडून आलो, आणि ग्रुपवर लिहिलं की भाईंचा थर्मामीटर बरोबर आहे, चूक फ्रिजची होती. फ्रिजची म्हणालो. पूर्ण कबुली द्यायला मी काही संत नाही.

पुढच्या आठवड्यात खोकला उतरला. बायको चपलेत पाय घालत होती तेव्हा मोबाइल वाजला. तिने वाचलं, "बावीस पॉइंट चार." मग तशीच उभी राहिली. "म्हणजे किती? हाफ की फुल?"

मी खुर्चीतून इतक्या झटक्यात उठलो की पेपर पंख्याखाली उडाला. गॅलरीत गेलो, हात कोपरापर्यंत बाहेर काढला, डोळे मिटले. खाली कुंडीपाशी तो ओरडत होता, रेंगाळत. मी मोजलं नाही.

"हाफ," मी म्हणालो.

आत कपाटाचं दार वाजलं. ती फुल घालून आली. "विश्वास आहे," ती म्हणाली, "पण खोकलापण माझाच आहे." आणि गेली.

मी डोळे उघडले. समोरच्या विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, भाई ग्रिलमधून हात बाहेर काढून उभे होते. कोपरापर्यंत नाही, थेट खांद्यापर्यंत. डोळे मिटलेले. खालून बायको वर बघून म्हणाली, "भाई, क्या बोलता है हाथ?"

"फुल, भाभी!"

तिने तिथूनच अंगठा दाखवला.