उत्तर पेशंटनेच द्यायचं

दुखणारे गुडघे आणि सोबत कमावती मुलं, एवढं एका खोलीत जमलं की किस्से शोधावे लागत नाहीत. माझ्याकडे ते रोज जिना चढून येतात.

शहरातल्या द्वारका चौकाजवळ पहिल्या मजल्यावर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. गुडघेदुखीवाल्यांना अठरा पायऱ्या चढायला लावते, म्हणून सगळे मला नावं ठेवतात. केसपेपरवर शेवटचा प्रश्न असतो, ‘बरं झाल्यावर काय करायचंय?’ आणि माझा नियम असा की उत्तर पेशंटनेच द्यायचं. हा नियम एका साहेबांमुळे झाला.

*

ते वडिलांना घेऊन आले होते. नाव, वय, दुखणं, सगळं साहेबच सांगत होते. "बाबांचं काही नाही हो, घरातल्या घरात हिंडले तरी बास."

साहेब फोन घ्यायला बाहेर गेले, तसे बाबा पुढे सरकले. "मॅडम, स्कूटरला किक मारता येईल ना? चावी त्याने लपवलीय. दुसरी माझ्याकडे आहे."

*

वणीकडच्या एका मावशींना मुलीने आधीच दम भरला होता, "देवीचा गड चढायचं नाव काढायचं नाही हं."

"गड कोणाला चढायचाय?" मावशी म्हणाल्या. "मला खाली बसून भाकरी थापायच्यात. तुझी भाकर तुझ्या बापाला आवडत नाय. दोन वर्षं गपचूप खातोय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं कव्हा?"

*

उलटंही होतं. पस्तिशीचा एक इंजिनिअर पाठ धरून आला, सोबत आई. नियम मोडून तिनेच सांगितलं, "याला बोहल्यावर दोन तास उभं राहता आलं पाहिजे."

"कोणाबरोबर?" त्याने दचकून विचारलं.

"तेच तर तुला विचारायचं राहिलंय!"

*

आता माझी आई. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला तिच्या गावाहून, सायखेड्याहून, कायमची माझ्याकडे आणली. कायमची, हे मीच ठरवलं. भेटेल त्याला सांगायचे, "आई मजेत आहे आमच्याकडे." तिने सायखेड्याचं नाव काढलं की मी चहा टाकायला उठायचे. ती जाते म्हणाली तर काय, याची मला खरंच भीती वाटायची.

रोज ती माझ्याबरोबर क्लिनिकला यायची. जिन्याच्या पाच पायऱ्या चढायची, खाली उतरायची, पुन्हा पाच चढायची. असं दहा वेळा, कठड्याला हात न लावता. मग सावकाश वर.

"दमतेस का गं मध्येच?" मी विचारायचे.

"नाय."

पुढे मी काही विचारलं नाही. लोकांच्या मुलांना शहाणपण शिकवण्यातच माझा दिवस जायचा.

मागच्या सोमवारी रिसेप्शनवरच्या कल्पनाताईंनी पाहिलं, तर आईचा केसपेपरच काढलेला नव्हता. त्या भरायला बसल्या. शेवटचा प्रश्न आला तशी मी आतून म्हणाले, "लिहा, कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत चालता आलं पाहिजे."

"मॅडम," कल्पनाताई म्हणाल्या, "उत्तर पेशंटनेच द्यायचं."

आईने पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिही बाई. सायखेड्याला माझ्या घराला पाच पायऱ्या हायेत. त्या जमल्या आता."