सतरा नंबरचा पंप

भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय...

जालना एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही फवारणीचे बॅटरी पंप बनवतो. डिझाइन माझ्याकडे. नवीन मॉडेल काढण्याआधी आष्टी-वाटूर भागात पंचवीस शेतकऱ्यांना जुने पंप वापरायला फुकट दिले. प्रत्येकात एक चिप – मोटर कधी चालली, पंप पाठीवरून कधी उतरवला, ते ऑफिसात कळवणारी. (त्यांना सांगूनच, बरं का!) कारण तोंडी विचारलं की सगळ्यांचं एकच – "चांगलाय."

नोंदी बघितल्या तर सगळेच पंप सारखे खाली ठेवलेले. आम्ही म्हटलं, पाणी भरत असतील. सतरा नंबर मात्र रोज सकाळी चालू! रोज कोण फवारतं? साहेब म्हणाले, "चिप खराब आहे, ती नोंद काढून टाक." मला कुठलं राहवतंय... बाइक काढली आणि वाटूर गाठलं.

सतरा नंबर ज्यांच्या घरी दिला होता, त्या कौसाबाईंच्या गोठ्यात पंप खुंटीला टांगलेला होता. टाकी ठणठणीत कोरडी. नळीच्या तोंडाला कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. आत बॅटरीच नाही!

"बॅटरी त्या बल्बाला लावली, भाऊ. आमचे मालक गेले त्याला सव्वा महिना झाला. तवापासून पंपाला कोन्ही हात लावला न्हाई."

माझ्या मोबाइलवर त्याच सकाळची नोंद होती. चालू, सात मिनिटं, उतरवला. चालू, सात मिनिटं, उतरवला. चिपला स्वतःचा छोटा सेल असतो, मान्य. पण मोटर कशावर चालली?

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण डोक्यात दुसराच किडा वळवळत होता – टाकीत पाणीच नाही, तर सारखं उतरवायचं कशासाठी?

"मावशी, मालक पंप मधेच खाली ठेवायचे का?"

"ठिवायचे की. पट्टा खांद्यात रुतायचा, लाल वळ उठायचे. म्या म्हन्लं, सांगा की त्या लोकायला. तर म्हनायचे, फुकट देलेल्या वस्तूला नावं कशाला ठिवायची... आता फवारा मलाच मारायचाय. कपाशी हातची चालली, अन् मला तर हे बिलकुल पेलत न्हाई."

परत फिरलो ते बाकीच्या चोवीस जणांकडे, आणि सरळ खांदे दाखवायला लावले. बहुतेकांच्या खांद्यावर वळ होते. मला माझीच लाज वाटली.

ती नोंद मी काढली नाही. पट्टा रुंद केला, जाड गादी घातली, वजन कमरेवर यावं म्हणून एक पट्टा खाली दिला. चिप खोलून तीनदा तपासली, दोष सापडला नाही. कुणाला कारण सुचत असेल तर जरूर सांगा.

पहिला नवा पंप कौसाबाईंना नेऊन दिला. त्यांनी तो भरून पाठीवर घेतला आणि न थांबता सरीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. मग पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मंजे त्यायनी सांगितल्तं तर तुम्हाला... मला वाटलं, न्हाईच सांगितलं."

मी "हो, सांगितलं" म्हणालो. ते खोटं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.